मोटारसायकल घेताना हात जोडू नका, पावती मागा



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की पुष्कळ घरांत मोटारसायकलचा विषय निघतो. बैल घेताना आपण दात बघतो, खोंड चालवून बघतो, बाजारात दोन फेऱ्या मारतो. मोटारसायकल घ्यायला मात्र शोरूमची काच ढकलून आत गेलो, की आपला आवाज एकदम खाली येतो. समोरचा टाय लावलेला मुलगा "इथं सही करा काका" म्हणतो आणि काका सही करून मोकळे होतात. सही कशावर केली, ते घरी आल्यावर सून वाचून सांगते.

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे डेअरीला दुधाची किटली, दुपारी सोसायटीतून खताची गोणी, रात्री लाईट आली की विहिरीवर मोटार चालू करायला जाणं, हे सगळं तिच्यावर चालतं. तोडीच्या दिवसांत ती आठ दिवस वर्कशॉपात पडून राहिली, तर घरचं गणित बिघडतं. म्हणून विक्रेता आपल्याशी कसा वागतो आणि आपण त्याच्याशी कसं वागावं, याचा विचार या पानावर करणं अस्थानी होणार नाही.

रांग गेली, सवय राहिली

आपली ही भिडस्त वृत्ती आली कुठून? मावळच्या वेशीवर आकुर्डी आहे. तिथल्या बजाज कंपनीने १९७२ साली 'चेतक' स्कूटर बाजारात आणली. त्या काळी किती गाड्या काढायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरत असे. मागणी उदंड आणि माल थोडा. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावं लागे. दहा-दहा वर्षांनी नंबर लागल्याच्या गोष्टी वडीलधारी मंडळी आजही सांगतात. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. नंबर लागून मिळालेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली, तरी वर पैसे सुटत. अशा दिवसांत विक्रेता म्हणजे देवच. रंग कोणता हवा, असं त्याला विचारायची कोणाची छाती? जो मिळेल तो आपला, आणि वर पेढे द्यायचे.

पुढे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. १९९१ नंतर परवान्यांचं राज्य संपलं. जुनी चेतक बंद झाली आणि २०२० साली त्याच नावाची विजेवरची स्कूटर बाजारात आली. आज गिऱ्हाईक दारावरून पुढे गेलं तर विक्रेत्याला झोप लागत नाही. रांग केव्हाच मोडली. पण रांगेत उभं राहून लागलेली सवय आपल्या अंगातून गेलेली नाही. आपण अजून उपकार घेतल्यासारखी गाडी घेतो. विक्रेत्यांपैकी काहीजण या सवयीवरच पोट भरतात.

वडगावच्या तहाचा धडा

जानेवारी १७७९ मध्ये आपल्या वडगावात इंग्रजांनी हार खाऊन मराठ्यांशी तह केला. पुढे कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने काय केलं? तह करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असं म्हणून तो झिडकारला. शोरूममधली तोंडी वचनं याच जातीची असतात. "सीट कव्हर फुकट देऊ", "पहिल्या वर्षी काहीही झालं तरी आमची जबाबदारी", असं विक्री करणारा मुलगा सांगतो. महिन्याने आपण जातो, तोवर तो दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो आणि मालक म्हणतो, "त्याला तसं सांगायचा अधिकारच नव्हता."

तेव्हा जे ठरलं ते कोटेशनवर लिहून घ्यावं आणि खाली शिक्क्यासह सही घ्यावी. कोटेशनमध्ये शोरूम किंमत, कर व नोंदणी, विमा आणि वरचं सामान अशा चार ओळी वेगळ्या असाव्यात. एकच गोळाबेरीज आकडा दिला तर गोड शब्दांत सांगावं, "जरा फोडून द्या." २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. तो बिलावर नीट लागला का, तेही बघावं. 'हँडलिंग' नावाची ओळ दिसली, तर ती कोणत्या कामाची, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विमा शोरूममधूनच घ्यावा, अशी सक्ती कोणी करू शकत नाही. नव्या दुचाकीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा पाच वर्षांचा विमा काढावा लागतो, पण तो कोणत्या कंपनीचा, हे आपण ठरवायचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या दुचाकीबरोबर भारतीय मानकाचं हेल्मेट द्यायचं असतं. ते मागून घ्यावं. आणि तात्पुरती का होईना, नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ताब्यात द्यायची नाही, असाही नियम आहे. "गाडी घेऊन जा, नंबरचं मागाहून बघू," असं कोणी म्हटलं तर नेऊ नये. वाटेत अपघात झाला, तर निस्तरायची पाळी आपल्यावर येते.

गाडी ताब्यात घेताना विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, वाचावा. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली, हे लिहिलेलं असतं. या नोंदीचं महत्त्व किती, ते गोव्यातल्या एका खटल्यावरून कळेल. तिथल्या एका ग्राहकाने २०११ साली नवी म्हणून मोटार घेतली. ती निघाली २००९ सालची, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली आणि खालून गंजलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की विक्रेत्याची ही लबाडी उत्पादक कंपनीला ठाऊक होती असं सिद्ध होत नसेल, तर कंपनीला जबाबदार धरता येत नाही. विक्रेत्याची जबाबदारी मात्र राहिली. मोठ्या कंपनीचं नाव पाटीवर आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हा यातला बोध. आपला व्यवहार पाटीखाली बसलेल्या माणसाशी असतो.

हप्त्याचा हिशेब

कर्जाच्या टेबलाशी तर आणखी सावध राहावं. "दहा टक्केच व्याज आहे," असं सांगतात. कसलं दहा टक्के, ते विचारा. समजा, ८०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले. सरळ म्हणजे 'फ्लॅट' दहा टक्क्यांनी व्याज झालं २४,००० रुपये, आणि महिन्याचा हप्ता सुमारे २,८८९ रुपये. तेच दहा टक्के घटत्या मुद्दलावर लावले, तर हप्ता सुमारे २,५८१ रुपये बसतो आणि एकूण व्याज १३ हजारांच्या आसपास येतं. म्हणजे फ्लॅट दहा टक्के हे खरं पाहता घटत्या मुद्दलाच्या १८ टक्क्यांच्या घरात जातं. तेव्हा सही करण्यापूर्वी गावच्या पतसंस्थेचा आणि जिल्हा बँकेचा दर विचारून यावा. एक दिवस उशीर झाला तर मुहूर्त टळत नाही.

कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ घेऊन आरसी पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्यावा. सातबारावरचा बोजा आपण जसा आठवणीने कमी करतो, तसाच हाही.

काट्याची चिठ्ठी आणि जॉबकार्ड

आता वर्कशॉपकडे वळू. कारखान्यावर उसाची गाडी वजनकाट्यावरून उतरली, की चिठ्ठी घेतल्याशिवाय आपला माणूस हलत नाही. रात्रीचे दोन वाजोत, थंडी असो, चिठ्ठी हातात आल्यावरच तो चहा पितो. तोच माणूस मोटारसायकल वर्कशॉपात टाकतो आणि "जरा आवाज येतोय, बघा" एवढं सांगून एसटी पकडतो. चिठ्ठी नाही, नोंद नाही. संध्याकाळी बिल येतं आणि मग वाद सुरू होतो.

वर्कशॉपातली काट्याची चिठ्ठी म्हणजे जॉबकार्ड. त्यावर गाडी आत आल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा, टाकीतलं पेट्रोल, आपली तक्रार, खर्चाचा अंदाज आणि गाडी परत द्यायचा दिवस लिहून घ्यावा. तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावावी. "चढावर गिअर सुटतो" असं लिहिलं तर त्याला अर्थ आहे, नुसतं "जनरल चेकअप" लिहिलं तर काहीच पुरावा राहात नाही. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली, की तीन जॉबकार्डं हातात असतात. मग "तुम्ही आधी बोललाच नाहीत" असं कोणाला म्हणता येत नाही.

फुकट सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते. ऑईलचे आणि इतर सामानाचे पैसे द्यावे लागतात. सर्व्हिसिंगची मुदत दिवस किंवा किलोमीटर, यांपैकी जे आधी भरेल त्यावर संपते. गॅरंटीत ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा बसत नाहीत. हे आधी वाचून ठेवलं म्हणजे विनाकारण भांडण होत नाही. नवा पार्ट टाकला, तर जुना परत मागावा. तो आपल्या पैशाचा असतो आणि खरोखर बदलला की नाही, हेही कळतं.

शहाण्याने पायरी चढावी

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर? आधी वर्कशॉपच्या मॅनेजरला, मग मालकाला, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावं आणि पोच ठेवावी. त्यानेही भागलं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण इथे लागू पडत नाही. ग्राहक चळवळीला आपल्या जिल्ह्यातच बळ मिळालं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. जिल्हा आयोगात स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. गाडी मुंबईत घेतली असली, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची, ती हुकवू नये.

गाडीवरून दूध घालता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी ठरत नाही. आणि बिल किंवा पावती न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं २०१९ चा कायदा म्हणतो. पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, तो आपला हक्क आहे.

चांगल्याला चांगलं म्हणा

सगळेच विक्रेते लबाड असतात, असं म्हणणं पाप होईल. "चेन अजून सहा महिने जाईल, नुसती ताणून देतो," असं सांगणारा मेकॅनिक आपल्या मावळातही भेटतो. पार्ट आला नाही तर तो स्वतः फोन करतो, आपल्याला हेलपाटा घालायला लावत नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगून नाही म्हणतो. असा माणूस आज दोनशे रुपये सोडतो आणि उद्या अख्खं गाव जोडतो. त्याचं नाव चार लोकांत घ्यावं, पुढची गाडी त्याच्याकडेच घ्यावी. वाईटाची तक्रार आपण चावडीवर तावातावाने करतो, चांगल्याचं कौतुक करायला मात्र विसरतो. मग चांगला तरी चांगला का राहील?

आपल्याकडूनही काही पथ्यं पाळायला हवीत. दोन पोती आणि तिघे जण एका गाडीवर लादायचे, सर्व्हिसिंग चुकवायचं, आणि इंजिन बसलं की ग्रीसने हात माखलेल्या पोरावर ओरडायचं, हे बरं नव्हे. निर्णय घेणारा काचेच्या केबिनमध्ये बसलेला असतो. भांडायचं तर त्याच्याशी भांडावं, आणि कागद पुढे ठेवून भांडावं.

जाता जाता एक गोष्ट. हीच फूटपट्टी आपण आपल्या कारखान्यालाही लावावी. उसाची नोंद दिली की पोच मिळते का, तोडीची तारीख पुढे गेली तर गट ऑफिसातून कळवतात का, विचारायला गेलेल्या म्हाताऱ्या सभासदाला बसायला खुर्ची मिळते का, हे आपण सर्वांनी पाहायचं आहे. शोरूममध्ये आपण गिऱ्हाईक असतो, कारखान्यात आपण मालक आहोत. जो मालक म्हणून इथे पावती मागायला शिकेल, तो तिथेही हात जोडून उभा राहणार नाही.