भिंतीपलीकडचे वाय-फाय

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तपासात त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरातल्या माणसाचा कटाशी संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हते, एवढेच. त्याच वर्षी पुढच्या ईमेलांसाठी मुंबईतल्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे नेटवर्क वापरले गेले.

जालन्यात मला लोक विचारतात ते वेगळेच. ‘रेंज मागच्या खोलीपर्यंत कशी न्यायची?’ कुलपाचे कुणी विचारत नाही. रेंज वाढवली की दारेही वाढतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

प्रश्न मात्र खरा आहे. आपल्याकडचे जुने वाडे म्हणजे हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा थर. राउटरची लहर 2.4 गिगाहर्ट्झवर साडेबारा सेंटिमीटरची, 5 गिगाहर्ट्झवर सहाच्या आसपास. लांब लहर भिंतीतून त्यातल्या त्यात तगते. आखूड लहरीवर माहिती अधिक वेगाने जाते, पण ती लवकर दमते. पाणी ही लहर शोषते, म्हणून पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी गिळते. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या शेडमध्ये गोष्ट निराळी: पत्रा लहर शोषत नाही, परत फिरवतो. ती आतच घुमत राहते आणि शेजारच्या ऑफिसात मोबाइल कोरडा.

यावर दुकानदार रिपीटर काढून देतो. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. प्रत्येक निरोप हवेतून दोनदा जातो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यात लोक तो नेमका रेंज मेलेल्या कोपऱ्यात लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. मोठ्या इमारतीत माझे मत सरळ केबलच्या बाजूने आहे: शंभर मीटरपर्यंत लॅन केबल ओढावी, टोकाला अॅक्सेस पॉइंट बसवावा, वीजही त्याच केबलमधून देता येते. सर्वांना नाव आणि पासवर्ड एकच, पण 2.4 वर शेजारच्यांना चॅनल वेगळे: 1, 6, 11.

आता कुलूप. 1997 चे डब्ल्यूईपी 2001 मध्येच फुटले. 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 आले, 2018 मध्ये डब्ल्यूपीए-3. जुन्या रिपीटरला नवे कुलूप कळत नाही, म्हणून त्या एकासाठी अख्ख्या इमारतीचे कुलूप उतरवले जाते. असा रिपीटर भंगारात द्यावा.

अभ्यासिकांमध्ये पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. डब्ल्यूपीए-2 मध्ये तो ठाऊक असलेला माणूस, दुसऱ्याचा मोबाइल जोडला जाताना हवेतली देवाणघेवाण टिपू शकला, तर त्याची रहदारी उलगडू शकतो. बँकेची साइट स्वतःचे वेगळे कुलूप लावते म्हणून निभावते. डब्ल्यूपीए-3 मध्ये ही फट बुजवली आहे. ते नसेल तर प्रत्येकाला स्वतंत्र नाव-पासवर्ड देण्याची सोय करावी, पाहुण्यांचे नेटवर्क कार्यालयाच्या संगणकांपासून तोडावे, आणि राउटरवरची डब्ल्यूपीएसची सोय बंद ठेवावी. तिचा आठ आकडी पिन काही तासांत निघतो, हे 2011 मध्येच उघड झाले आहे.