संग्रह आणि वाङ्मयचौर्य

धरणगावासारख्या ठिकाणी दवाखाना अथवा औषधालय सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांस ऑनलाइन अभ्यासक्रम ही मोठीच सोय होय. परंतु घरबसल्या लिहिलेल्या स्वाध्यायात दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उतरविण्याचा मोहही तेथेच बळावतो. ‘आपले शास्त्रच संग्रहाचे; मग चोरी कसली?’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. अग्निवेशतंत्रावर चरकाने प्रतिसंस्कार केला. चिकित्सास्थानातील 17 अध्याय आणि कल्प व सिद्धी ही स्थाने दृढबलाने पूर्ण केली व तसे ग्रंथातच नमूद केले. माधवकरानेही आपला निदानग्रंथ मुनिवचनांचा संग्रह असल्याचे सांगितले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 60 टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. मात्र संगणक शब्दांचे साम्य मोजतो. वाक्ये फिरवून लिहिलेला उतारा पुष्कळदा निसटतो. म्हणून उत्तर स्वतःच्या रुग्णनोंदीतून अथवा औषधनिर्मितीच्या अनुभवातूनच द्यावे लागेल असा प्रश्न असावा, आणि त्यावर पाच मिनिटे तोंडी विचारणा व्हावी. बिब्ब्याच्या शोधनात विटेचा चुरा कशासाठी, हे नुसते उतरवून काढणाऱ्यास तेथे सांगता येत नाही. आणि अशोधित बिब्बा उतला की फोड येतात ते रुग्णाच्या अंगावर.