गव्हर्नरवरचा आळ

मृगाचा पाऊस पडून कुणग्यांत पाणी साचले आणि चिखलणीसाठी ट्रॅक्टर बाहेर काढला की मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात एक तक्रार हमखास कानी येते: जुने इंजिन मोकळे असताना लयीत चढते-उतरते, अथवा रोटाव्हेटर चिखलात उतरवताच दबते. तिचा निकालही तत्काळ लागतो, की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेगनियंत्रक, गेला. हा आळ बहुधा चुकीचा असतो, आणि त्यापायी पदरी येणारा खर्च व धोका लहान शेतकऱ्यास परवडणारा नसतो.

साऱ्या गैरसमजांचे मूळ एका समजुतीत आहे, ती ही की हाताचा थ्रॉटल म्हणजे डिझेलची तोटी. वस्तुतः जुन्या डिझेल ट्रॅक्टरात तो दांडा बहुधा गव्हर्नरच्या स्प्रिंगचा ताण बदलतो, म्हणजे केवळ वेगाचा हुकूम देतो. त्या वेगासाठी किती डिझेल सोडावे हे स्प्रिंग आणि पंपातील फिरती वजने मिळून ठरवतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकून स्प्रिंगला रेटतात व पंपातील इंधन कमी-जास्त करणारा दांडा, म्हणजे रॅक, मागे सरकून इंधन घटते. ओझे पडून वेग उतरला की स्प्रिंग वजनांवर मात करते व इंधन वाढते. हेच तत्त्व जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनास लावले, आणि असा नियंत्रक केव्हा स्थिर राहतो व केव्हा आंदोलने घेत सुटतो याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. सारांश, चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन घाटी चढताना वेग किंचित उतरणे हा बिघाड नव्हे. तो उतरल्यावाचून रॅक उघडणारच नाही.

वेग सारखा चढू-उतरू लागला, तर प्रथम संशय डिझेलमध्ये शिरलेल्या हवेचा, तुंबलेल्या फिल्टरचा आणि अडखळणाऱ्या रॅकचा घ्यावा. आपल्या किनाऱ्यावर याला विशेष कारण आहे. अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने उभी राहिली की दमट हवेतील बाष्प आत पाणी होऊन तळाशी बसते, ते पंपापर्यंत पोचते, आणि जो रॅक बोटाच्या स्पर्शाने सरकावा तो गंजाने जखडतो. म्हणून टाकीच्या तळाचे पाणी काढावे, फिल्टर बदलावे, सांध्यांचे तांब्याचे वॉशर पाहावेत, एअर काढावी, आणि इंजिन बंद असताना रॅक मोकळा सरकतो का, जोडदांड्यांच्या पिना झिजल्या आहेत का, हे तपासावे. ओझ्याखाली इंजिन अतिशय दबत असेल तर एअर क्लीनरही साफ करावा; रॅक पूर्ण उघडून गव्हर्नरने आपले काम चोख बजावलेले असते, पण डिझेल अथवा हवाच पुरी पोचत नसते.

फोर्डसन मेजरसारख्या काही जुन्या ट्रॅक्टरांत वजनांऐवजी इंजिनाच्या शोषणावर चालणारा पडदा असतो. तेथे पडदा फाटला किंवा त्याची नळी चिरली तर शोषण कमी पडून इंधन वाढते आणि इंजिन मर्यादेबाहेर पळते. अशा वेळी पंप खोलण्याआधी ती नळी पाहावी.

सर्वांत घातक समज असा, की स्प्रिंग आवळली किंवा सीलबंद स्क्रू फिरवला म्हणजे ताकद वाढते. वेगमर्यादेच्या स्क्रूने वाढतो तो कमाल वेग. इंधनाचा स्क्रू फिरवला तर काळा धूर आणि उष्णता वाढते. रोटाव्हेटर फिरवणारा पी.टी.ओ.चा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या हिशेबाने बांधलेला असतो. इंजिन पळाले की त्याबरोबर रोटाव्हेटरही पळतो, आणि त्याची पाती जवळच्या माणसाच्या जिवावर उठतात.

बंद करण्याची तार ओढूनही इंजिन थांबत नसेल, तर दोष गव्हर्नरचा असेलच असे नाही. ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये तेल जास्त भरल्याने, किंवा रिंगा झिजल्याने, इंजिन वंगणाचे तेलच जाळत असू शकते, आणि त्या तेलावर गव्हर्नरचा अंमल चालत नाही. तेव्हा हवेचे तोंड सपाट फळीने बंद करावे, हाताने किंवा फडक्याने कदापि नाही. जवळ जाणे निर्धोक नसेल तर दूर व्हावे. आणि इतके सारे तपासूनही पंप खोलायचाच झाला, तर तो चाचणी-यंत्र असलेल्या दुकानातच द्यावा, व परत घेताना नवे सील बसले आहे याची खात्री केल्याखेरीज पैसे चुकते करू नयेत.