परसातील कोंबड्यांचे सुखकर खुराडे

बारामती-इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी ओळखले जाते. पानवेल मोठी नाजूक. तिला रखरखीत ऊन सोसत नाही आणि मुळाशी साचलेले पाणीही सोसत नाही. म्हणून मळेकरी तिला शेवरी-शेवग्याच्या सावलीत वाढवितो व पाण्याचा निचरा डोळ्यांत तेल घालून पाहतो. परसातील कोंबडीलाही हेच हवे असते : सावली, खेळती हवा आणि कोरडी जमीन. परंतु वेलीची एवढी निगा राखणाऱ्या घरीही कोंबड्या मात्र पुष्कळदा अंधाऱ्या, कोंदट खुराड्यात कोंडलेल्या आढळतात.

कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, ही म्हण खरी. त्याचप्रमाणे कोंबड्या चोहोंकडून झाकल्या म्हणजे त्या सुरक्षित राहिल्या, ही समजूत खोटी आहे. मुंगूस व कुत्र्यापासून त्या वाचतात. पण उष्मा, ओल आणि दूषित हवा यांच्या तावडीत सापडतात.

कोंबडीच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते व तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे, हाच अंग थंड ठेवण्याचा तिचा मुख्य उपाय होय. हवा ३५ अंशांवर तापली की तिचे खाणे कमी होते, अंडी घटतात व कवच पातळ होते. इंदापूर तालुका कमी पावसाचा. वैशाखात येथे पारा चाळिशीला भिडतो. अशा दिवसांत बिनहवेच्या पत्र्याच्या पेटीत २१ दिवस अंड्यांवर बसणाऱ्या खुडूक कोंबडीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

जागा व बांधणी

खुराड्यासाठी उंचवट्याची, झाडाच्या सावलीतील जागा निवडावी. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी शिरते. दहा कोंबड्यांसाठी ५ फूट लांब व ४ फूट रुंद जागा पुरते. जोते फूटभर उंच घेऊन चांगले चोपावे. त्यावर दीड फूट विटांची किंवा मातीची भिंत घालावी आणि तेथून छपरापर्यंत अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लावावी. म्हणजे घूस, मुंगूस व साप यांस अटकाव होतो. छप्पर पुढे उंच व मागे उतरते ठेवून दोन-अडीच फूट बाहेर काढावे. पत्रा असल्यास त्यावर उसाचे पाचट जाड पसरून दोरीने बांधावे. थंडी-पावसात जाळीवर गोणपाटाचे पडदे सोडावेत. मात्र छपराखालची वीतभर जागा सदैव मोकळी राहिली पाहिजे.

कोंबडीस उंचावर बसून झोपण्याची सवय असते. दर कोंबडीस ९ इंच या हिशेबाने ४ फुटांच्या दोन गुळगुळीत दांड्या जमिनीपासून दीड फुटावर, सारख्याच उंचीवर बसवाव्यात. एक दांडी उंच ठेवल्यास तिच्यासाठी भांडणे होतात. अंडी घालण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीचे तीन खोके अंधाऱ्या कोपऱ्यात, दांड्यांहून खाली ठेवावेत. खोके उंच असल्यास कोंबड्या त्यातच झोपून घाण करतात.

निगा

जमिनीवर उसाची वाळलेली चिपाडे किंवा भुईमुगाची टरफले यांचा तीन-चार इंचांचा थर द्यावा. तो वरचेवर खालीवर करावा व ओला भाग त्वरित काढून टाकावा. सकाळी दार उघडताच डोळ्यांस झोंबणारा वास आला, तर हवा अपुरी आहे किंवा थर भिजला आहे असे समजावे. काढलेला थर उकिरड्यात कुजविल्यास उत्तम खत होते. तांबड्या पिसवा दिवसा फटींत दडतात व रात्री रक्त शोषतात. म्हणून फटी बुजवून चुन्याची सफेदी द्यावी. अंगण्यासाठी एका कोपऱ्यात राख व कोरडी माती ठेवावी. उन्हाळ्यात थंड पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत निमगाव केतकीस मुक्कामी येते. त्यापूर्वी घरादाराची झाडलोट करताना खुराड्याचीही डागडुजी उरकावी. म्हणजे पुढील पावसात धावपळ होत नाही.

रोगापासून संरक्षण

उत्तम खुराडेही मानमोडी रोगास रोखू शकत नाही. या रोगावर औषध नाही. लस हाच उपाय. पिलांस पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब व पुढे सुमारे आठव्या आठवड्यात लस टोचून घ्यावी; वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. बाजारातून आणलेल्या कोंबड्या दोन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. सन २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास त्या विकू वा खाऊ नयेत, ओढ्यात फेकू नयेत. ताबडतोब दवाखान्यास कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. परसातील कोंबड्या बहुधा घरच्या बाईच्या असतात. मुलाची वही किंवा औषधपाणी यांसाठी कोणापुढे हात न पसरता मिळणारा पैसा तिला अंड्यांतूनच मिळतो. म्हणून चावडीवर पुरुषांस सांगून न थांबता तिच्याशी बोलावे व एका परसात असे खुराडे उभे करून दाखवावे. शेजारणी ते पाहतील आणि त्यांच्या मनातील शंका पुष्कळशा तेथेच फिटतील.