दोन डोमेन, एक फोल्डर

भोसरी एमआयडीसीतल्या पुरवठादाराला चाकणच्या वाहन कारखान्याच्या सर्व्हरवरून ड्रॉइंग उघडायचं असतं. सर्व्हर पिंगला उत्तर देतो, फोल्डर मात्र ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणतो. हा नेहमी दिसणारा प्रश्न.

दोन्ही कंपन्यांची विंडोज डोमेन वेगळी असतील आणि त्यांच्यात ट्रस्ट नसेल, तर पुरवठादाराचं खातं त्या सर्व्हरच्या लेखी अनोळखीच असतं. म्हणून कारखान्याने आपल्या डोमेनमध्ये त्याला मर्यादित हक्कांचं खातं द्यावं आणि त्याने लॉगिन करताना युजरनेमआधी कारखान्याच्या डोमेनचं नाव लिहावं. बहुतेक वेळा चूक इथेच होते.

तरीही अडलं तर आधी फाइल शेअरिंगचं टीसीपी पोर्ट ४४५ तपासा. पिंग चाललं म्हणजे ते उघडं आहे असं नाही. मग शेअर आणि एनटीएफएस या दोन्ही परवानग्या पाहा, कारण दोन्हींपैकी कडक ती लागू होते. १२१९ क्रमांकाची एरर म्हणजे त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीच जोडणी आहे. ‘नेट यूज’ने ती तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्डही काढा.

वैतागून ‘एव्हरीवन’ला पूर्ण हक्क देणं किंवा एसएमबी १ हा जुना फाइल शेअरिंग प्रोटोकॉल सुरू करणं हा उपाय नव्हे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. तो एसएमबी १ मधल्या त्रुटीतून आणि चोरलेल्या पासवर्डांवरून पसरायचा.

पोर्ट ४४५ इंटरनेटवर उघडं ठेवू नका, व्हीपीएन वापरा. आणि काम संपलं की पुरवठादाराचं खातं आठवणीने बंद करा.