तुझी मजुरी कुठं आहे?

हॉलच्या एका टोकाला लाकडी खुंटी उभी आहे. तिच्यापासून फरशीवर खडूने रेघा ओढल्यात, एक फुटापासून थेट बारा फुटांपर्यंत. प्रत्येकाला चार कड्या मिळतात. कुठल्या रेघेवर उभं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जवळून कडी बसली तर गुण थोडे, लांबून बसली तर जास्त, हुकली तर काहीच नाही. सर एवढंच सांगतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात. हा खेळ पहिल्या आठवड्यात एकदा झालेला आहे. आज हिशोबाचा दिवस, म्हणून तो पुन्हा मांडलाय.

करमाळा तालुक्यातला एक उंच मुलगा सरळ बाराव्या रेघेवर जातो. चारही कड्या भिंतीवर आपटतात. त्याच्यामागून येणारा पहिल्या रेघेवर उभा राहतो, कमरेत वाकतो, हात लांबवतो आणि कड्या जवळजवळ खुंटीत ठेवूनच देतो. मग मंगळवेढा तालुक्यातल्या एक ताई येतात. पदर खोचून पाचव्या रेघेवर उभ्या राहतात. पहिली हुकते. त्या एक रेघ पुढे सरकतात. दुसरी बसते. तिसरीला पुन्हा पाचवर जातात, तीही बसते.

सर फळ्यावर नावापुढे गुण लिहीत नाहीत, रेघेचा आकडा लिहितात. मग विचारतात, "बारावर का गेलास रे?"

"बसली असती तर एकदम पुढं गेलो असतो की सर."

"आणि नाही बसली तर?"

"नशीब."

"आणि तू? एकवर कशाला?"

तो मुलगा खाली बघतो. "सगळ्यांसमोर हुकायला नको वाटलं."

हॉल शांत होतो. खोलीतली निम्मी पोरं याच दोन उत्तरांमध्ये अडकलेली आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. कुणी सगळं नशिबावर टाकतो, कुणी चारचौघांत नाव जाईल म्हणून हातच लावत नाही. मधल्या रेघेवर उभं राहून, हुकल्यावर एक पाऊल पुढे येणारी माणसं थोडी.

सोलापूर जिल्ह्यातली ही ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. सगळे तिला आरसेटी म्हणतात. तीस दिवसांचा मोटार रिवाइंडिंगचा वर्ग चालू आहे. राहणं, जेवण, शिकणं, सगळं मोफत. या कल्पनेचं मूळ कर्नाटकात, धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात आहे. १९८२ मध्ये धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा या दोन बँकांना सोबत घेऊन तिथे पहिली संस्था काढली. पुढे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तोच नमुना देशभर उचलला आणि जिल्ह्याजिल्ह्यात बँकांकडे अशा संस्था चालवायला दिल्या. कड्यांचा खेळ तर त्याहून जुना. डेव्हिड मॅक्लेलँड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ या खेळातून माणसाची धोका पत्करण्याची वृत्ती तपासत. १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा शहरातले छोटे व्यापारी-कारखानदार हैदराबादेत त्यांच्या पद्धतीच्या प्रशिक्षणाला बसले. उद्योगी माणूस जन्मावा लागतो असं नाही, तो घडवता येतो, हे दाखवण्यासाठीचा तो प्रयोग होता. साठ वर्षांनी तीच खुंटी करमाळ्याच्या पोरासमोर उभी आहे.

कार्यशाळेत जळक्या वार्निशचा वास कोंडलेला आहे. टेबलावर पाच एचपीच्या मोनोब्लॉकचा स्टेटर आडवा पडलाय. आतल्या कॉइलचा एक भाग कोळशासारखा काळा, बाजूचा अजून तांबूस. सर बोट ठेवतात. "एक फेज गेली होती. शेतकऱ्यानं ऑटो स्विच लावलेला. रात्री लाइट आली, मोटार आपोआप चालू झाली, दोन फेजवर ओढत राहिली. सकाळी मळ्यात गेला तेव्हा धूर." पोरांना हे सांगायला नको. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी रात्र होऊन गेलीय.

मंगळवेढ्याच्या ताईंचे हात मी जवळून बघतो. जुनी तार काढण्याआधी त्या एकेक वेढा मोजून वहीत लिहितात, मायक्रोमीटरने तारेची जाडी घेतात. मग स्टेटरच्या चोवीस खाचांत इन्सुलेशनचा कागद दुमडून बसवतात. नवी कॉइल खाचेच्या तोंडाशी धरून दोन-दोन, तीन-तीन तारा बांबूच्या पट्टीने आत सरकवतात. घाई केली की तारेवरचा मुलामा खरवडतो, आणि एक ओरखडा पुरे, महिन्यात मोटार पुन्हा दारात. ताई घाई करत नाहीत. बचत गटातून त्या इथे आल्यात. गावाकडे त्यांना पहिल्यांदा शिवणकामच सुचवलं होतं. "शिवणकाम आमच्या गल्लीत चौघी करत्यात. मोटारी भरणारं गावात कुणी नाय. मंगळवेढ्याला न्यावी लागती." बाजारपेठेचा अभ्यास याहून वेगळा काय असतो? गावात काय जळतं आणि ते दुरुस्त करायला किती लांब जावं लागतं, एवढं बघता आलं की अर्धं काम झालं.

दुपारी फळा पुन्हा पुसला जातो. आता प्रत्येकानं आपला हिशोब मांडायचा. दर कुणी घरी बसून धरलेले नाहीत. आदल्या दोन दिवसांत पोरं गटागटाने बाजारात फिरून, दुकानदारांना विचारून, वहीत लिहून आलीत. सांगोल्याचा एक चुणचुणीत मुलगा खडू घेतो. पाच एचपीची मोटार भरायची. तार तीन किलो, हजाराच्या भावानं ३,००० रुपये. कागद, स्लीव्ह, वार्निश ३५०. बेअरिंगची जोडी ४००. वीज आणि ने-आण १५०. एकूण ३,९००. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे ४,५००. "सहाशे सुटले," तो म्हणतो आणि खडू ठेवतो.

"गाळ्याचं भाडं?"

तो पुन्हा खडू उचलतो. भाडं आणि इतर खर्च महिन्याला ३,०००, मोटारी पंधरा. म्हणजे मोटारीमागे २००. राहिले ४००.

"किती वेळ लागला भरायला?"

"दीड दिवस."

"मग तुझी मजुरी कुठं आहे?"

मुलगा फळ्याकडे बघत राहतो. "मी मालक हाय की सर. मालकाला कुठली मजुरी?"

सर आवाज चढवत नाहीत. "टेंभुर्णीच्या दुकानात हेच काम करणाऱ्या कारागिराला रोज किती देतात म्हणून लिहून आणलंस?"

"सहाशे."

"दीड दिवसाचे नऊशे झाले. तुझ्याकडं राहिलेत चारशे. म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात कामाला गेला असतास तर मोटारीमागे पाचशे जास्त मिळाले असते. आणि वर कर्जाचा हप्ता नाही."

इतके दिवस पोरं वायरिंग, वेढे, कनेक्शन शिकली. तरी माझ्या मते या महिन्याचा खरा धडा आत्ताच चाललाय. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाने स्वतःच्या कष्टाला किंमत लावलेली कधी पाहिलेलीच नसते. आई-बाप रानात राबतात, आणि पट्टी आली की बियाणं, खत, औषध वजा करून उरेल त्याला नफा म्हणतात. त्यांच्या राबण्याचा आकडा कुठल्याच वहीत नसतो. तीच सवय पोरगं धंद्यात घेऊन येतं आणि दोन-तीन वर्षांनी, दुकान चालू असतानाही हातात काही का राहत नाही, याचा विचार करत बसतं.

"पण मग ४,५०० मध्ये बाकीच्यांना कसं परवडतं?" मागून कुणीतरी विचारतं. प्रश्न चांगला आहे. उत्तर त्या काळ्या कॉइलमध्ये आहे. मोटारीतून निघालेली जुनी तार, अडीच किलो धरा, साडेसहाशेच्या भावाने भंगारात १,६२५ रुपये. ती तार बरेच दुकानदार ठेवून घेतात. पाचशेची तूट भरून वर अकराशे पंचवीस उरतात, ते तिथून.

"गिऱ्हाईक विचारतच नाय सर जुन्या तारेचं."

"तू सांगायचं. त्याच्यासमोर काट्यावर ठेवायची. तार नेणार असशील तर दर इतका, मला देणार असशील तर इतका. पावतीवर लिहून द्यायचं. खेड्यात धंदा नावावर चालतो." सर हे फळ्यावर लिहीत नाहीत, पण ताई वहीत उतरवून घेतात.

मग उधारीचा विषय निघतो आणि तो लवकर संपत नाही. मोटारी जळतात उन्हाळ्यात, पिकाला पाणी हवं असतं तेव्हा. शेतकरी मोटार अडवून ठेवू शकत नाही आणि पैसे असतात उसाच्या बिलात. "बिल आल्यावर देतो" हे वाक्य वर्गातल्या प्रत्येकाने घरी ऐकलंय, काहींच्या वडिलांनी ते दुकानदाराला सांगितलंय. पंधरापैकी सात मोटारी उधार गेल्या तर नुसत्या खर्चाचे २७,३०० रुपये बाहेर अडकतात. आणि तांब्याचा दुकानदार उधार देत नाही. करमाळ्याच्या उंच मुलाने त्याच्या प्रकल्प अहवालात काउंटर, काचेचा दरवाजा आणि डिजिटल बोर्ड यांना मोठी रक्कम धरलीय. खेळत्या भांडवलाला पाच हजार. सर ती ओळ फक्त बोटाने दाखवतात. मुलगा खोडरबर मागतो.

पावसाळ्यात काय करणार, यावर पंखे, मिक्सर, पिठाच्या गिरणीची मोटार अशी यादी होते. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न अक्कलकोटचा एक अबोल मुलगा विचारतो. "सर, आमच्याकडं आता सोलर पंप यायलेत. मागेल त्याला देणार म्हणतात. मग ह्या मोटारी किती दिवस?" सर त्याला टाळत नाहीत. सौर पंपाला पाच वर्षं कंपनीने दुरुस्ती द्यायची असते, त्यामुळे त्यातलं काम लगेच हाताला येणार नाही, हे सांगतात. पण त्यानंतर ते पंप कुणाच्या तरी दारात येणारच. कंट्रोलर कसा चालतो हे आज शिकायला लागलेला माणूस तेव्हा तयार असेल.

संध्याकाळी खोटी बँक भरते. संस्थेचे संचालक स्वतः बँकेचेच अधिकारी, ते शाखाधिकारी होऊन टेबलामागे बसतात. एकेकाने फाइल घेऊन यायचं. पहिल्या तिघांचा पहिला प्रश्न एकच, "सबसिडी किती मिळंल साहेब?" ते फाइल मिटून परत देतात. तिसऱ्याला समजावतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान हातात येत नाही, ते तीन वर्षं बँकेत ठेवीसारखं पडून राहतं. कर्ज पहिल्या महिन्यापासून फेडायच्या तयारीनं घ्यायचं. अनुदानावर नजर ठेवून काढलेला धंदा बँकेचा माणूस लांबून ओळखतो. स्वतःचा हिस्सा पाच किंवा दहा टक्के भरावा लागतो. लहान सुरुवात असेल तर पन्नास हजारांपर्यंतचं शिशु मुद्रा कर्ज पुरेसं आहे, त्याला तारण लागत नाही.

ताई बसतात. त्यांना सबसिडीचं काही विचारायचं नाही. गाळा नको, ओसरीतच काम. कॉइल गुंडाळायचं हातयंत्र, अवजारं, इन्सुलेशन तपासायचा मेगर आणि तारेसाठी पैसे, एवढीच मागणी. शाखाधिकारी विचारतात, "पहिल्या महिन्यात मोटारी किती?" ताई म्हणतात, "चार. नावं लिहून आणल्यात." आणि खरोखर चार शेतकऱ्यांची नावं वाचतात. संचालक क्षणभर शाखाधिकाऱ्याची भूमिका विसरतात आणि मोठ्याने हसून दाद देतात.

रात्री जेवणानंतर करमाळ्याचा मुलगा व्हरांड्यात फोनवर आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तो दोनदा थोडक्यात राहिलाय. पलीकडे वडील. "नाय आण्णा, लगीच दुकान नाय काढत," तो सांगतोय. "आधी टेंभुर्णीला एका दुकानात कामाला राहतो. सहा महिनं. तांबं कुठनं येतं, उधारी कशी वसूल करत्यात, समदं बघतो. मग काढतो." थोडा वेळ तो नुसता ऐकतो. "व्हय, भरतीचा फॉर्म या साली नाय भरत."

सकाळी बारावर उभा राहिलेला हाच मुलगा. अक्कलकोटचा मुलगा मात्र धंदा न करायचं ठरवून जातोय. त्याचा हिशोब जमत नाही, घरावर आधीचं कर्ज आहे, आधी ते फेडणार. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शाबासकी दिलीय. ती मला योग्य वाटते. किती जणांनी दुकानं टाकली एवढ्यावरच अशा वर्गाचं यश मोजणं चूक आहे. आकडे मांडून "होय" म्हणणारा आणि आकडे मांडून "आत्ता नाही" म्हणणारा, दोघेही इथून शिकून चाललेत. पहिल्याला संस्था पुढची दोन वर्षं विचारपूस करत सोबत राहील. दुसऱ्यासाठीही दार उघडं ठेवलं पाहिजे.

१८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि वयाच्या कमाल मर्यादेत बसणाऱ्या गावाकडच्या माणसाला अशा वर्गात अर्ज करता येतो. चौकशी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत करावी, एक पैसा लागत नाही. घरच्यांना मात्र वेगळी विनंती आहे. तुमचा मुलगा टेंभुर्णीच्या दुकानात तारा भरत असेल, किंवा तुमची सून ओसरीत मोटार खोलून बसली असेल, तर पाहुण्यांना "सध्या काही करत नाही, भरतीची वाट बघतोय" असं सांगू नका. ते काय करतात ते त्यांच्या नावासकट सांगा, आणि गावातली पुढची जळलेली मोटार त्यांच्याकडेच पाठवा, रोख पैसे देऊन.