रायफलीच्या नळीतलं अस्तर

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने लोखंडाला सुख नसतं. धानाच्या बांधीवर विसरलेला विळा दोन दिवसांत तांबूस होतो. सालेकसा, देवरीकडच्या जंगलात गस्तीवर निघालेल्या जवानाची रायफलही त्याच पावसात भिजते. विळा घासून चालतो. रायफलीची नळी मात्र आतून घासून मोठी झाली की नेम गेला. म्हणून तिला आतून अस्तर देतात.

आधी आपण नळीत डोकावू. आत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या उथळ खाचा दिसतात. हे रायफलिंग. त्यानं गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. मागच्या टोकाला काडतूस बसतं, ते चेंबर.

आता नळीचा शत्रू कोण ते पाहू. गोळीचं घर्षण आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तापलेला वायू. गोळी ढकलणाऱ्या दारूला प्रणोदक म्हणतात. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदकं तयार होतात. प्रणोदक पेटलं की वायूचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. पोलाद 1500च्या आसपास वितळतं. स्पर्श क्षणभराचाच असतो म्हणून नळी टिकते. तरी चेंबरच्या लगेच पुढे बारीक भेगा पडायला लागतात.

तिसरा शत्रू गंज. जुन्या काडतुसांच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार नळीत उरतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या काळात गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे आणि मग तेल लावायचे.

यावर उपाय क्रोमचा. विजेच्या साहाय्यानं नळीच्या आत क्रोमियमचा थर चढवतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. क्रोमियम पोलादाहून कठीण, 1900 अंशांपर्यंत न वितळणारं आणि गंजाला दाद न देणारं. इन्सास आणि एके-47, दोन्ही रायफलींच्या नळीत ते असतं. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकेच्या एम-16 रायफली सुरुवातीला चेंबरला क्रोम न देताच गेल्या. चेंबर गंजले, रिकामी काडतुसं आत अडकली. दारू बदलल्याचाही त्यात दोष होता, पण नंतर क्रोम द्यावाच लागला.

क्रोमलाही मर्यादा आहेत. थर सगळीकडे अगदी सारखा बसत नाही, म्हणून नेमबाजीच्या स्पर्धेतले बरेच जण बिनक्रोमची नळी पसंत करतात. शिवाय क्रोमच्या थरात केसाहून बारीक भेगाही असतात. तिथून वायू शिरला की थर पापुद्र्यासारखा सुटतो.

दुसरी पद्धत नायट्रायडिंगची. लोणच्यात मीठ मुरावं तसा, 500 ते 600 अंशांना पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. वेगळा थर नसल्यानं तो सुटण्याचा प्रश्न नाही, खाचांची मापंही फारशी बदलत नाहीत. माझ्या मते शांतपणे एकेक गोळी झाडणाऱ्या नेमबाजाला हीच बरी. सलग गोळीबार होणार असेल तर क्रोम.

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो: बाहेरून काळी-निळी झाक दिसली की नळी आतूनही सुरक्षित, असं वाटतं. ती झाक म्हणजे ब्लूइंग, पोलादावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा पातळ थर. तो तेल धरून ठेवतो, एवढंच. तेल वाळलं की गंज आलाच.

दुसरी चूक ओल्या कव्हरची. भिजलेली रायफल तशीच कव्हरमध्ये बंद केली की आतली वाफ रात्रभर नळीतच राहते. क्रोम असला तरी बोल्ट आणि स्प्रिंगा साध्या पोलादाच्याच असतात.

गावात पीकरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असेल, तर तिच्या नळीत सहसा असलं काहीच अस्तर नसतं. काळ्या दारूची काजळी ओल धरते. बार काढल्यावर, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, त्याच दिवशी गरम पाण्यानं धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात द्यायचा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी आतून फिरवावी. तांबडी रेघ आली तर नळी पुन्हा धुवून पुसावी.